लांबीवरून माशाचं वय: उजनीत मोजणी करताना या चुका टाळा

कोणत्या लांबीचे किती मासे मिळाले याचा आलेख काढायचा आणि जिथे उंचवटा दिसेल तो एका वयाचा गट धरायचा, ही पद्धत पीटरसन या डॅनिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडली. वर्षातून एकदाच अंडी घालणाऱ्या माशांना ती छान लागू पडते. उजनी जलाशयातल्या चिलापीला (तिलापिया) मात्र ती जशीच्या तशी लावू नका.

सगळ्यात जास्त फसवतं ते जाळं. एकाच आसाचं (भोकाच्या मापाचं) तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचं जाळं टाकलं की बारीक मासा आरपार निघून जातो, फार मोठ्याचं डोकंच आसात शिरत नाही आणि मधल्या मापाचे तेवढे कल्ल्यापाशी अडकतात. आलेखात सुबक उंचवटा येतो, पण तो वयाचा नसून आसाचा असतो. खात्री करायची तर एकाच रात्री, एकाच जागी वेगवेगळ्या आसांची जाळी लावा. आस बदलताच उंचवटाही सरकला, तर त्यावरून वय ठरवू नका. बाजारातला मासा मापानुसार निवडलेला असतो. म्हणून होडी काठाला लागताच, वाटे पडायच्या आत मोजा.

दुसरी चूक म्हणजे एक उंचवटा म्हणजे एक वर्ष असं धरणं. चिलापी वर्षातून अनेकदा अंडी घालते, त्यामुळे एकाच वर्षाची पिल्लं दोन-तीन मापांची दिसतात. शिवाय नर मादीपेक्षा लवकर वाढतो. नर-माद्यांचे तक्ते वेगळे ठेवलेच पाहिजेत. कटला-रोहू पावसाळ्यात अंडी घालतात, तिथे चित्र बरंच स्वच्छ असतं. तरी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) कधी सोडली याची नोंद मागून घ्या. जुलैची खेप आणि ऑक्टोबरची खेप आलेखात वेगळी दिसते, वय मात्र तेच वर्ष.

महिन्यांची आकडेवारी एकत्र करू नका. मासे वाढतात तसा खरा गट महिन्यागणिक आलेखात उजवीकडे सरकतो.

आलेखासाठी लांबीचे ५-५ सेंमीचे वर्ग पाडले, तर ते दोन गट गिळून टाकतात. चिलापीला १ सेंमी पुरतो. १५, २०, २५ वरच गर्दी दिसली, तर मोजणाऱ्याने आकडे अंदाजाने पूर्ण केलेत. मोजपट्टीच्या फळीवर माशाचं तोंड मिटवून, मिलिमीटरपर्यंत वाचा. कटल्याची शेपटी दुभंगलेली असते. शेपटीच्या टोकापर्यंत मोजायचं की खाचेपर्यंत, हे आधीच ठरवा.

मोठ्या माशांची वाढ मंदावते आणि उंचवटे एकमेकांत मिसळतात. तिथे ओढूनताणून गट पाडू नका. कटला-रोहूच्या पाठीवरच्या पराखालचे खवले काढून त्यांवरची वयाची वलयं भिंगातून तपासा.