चौरंगावर आधी डाग, मग रंग

डागकाम म्हणजे विजेवर तापणाऱ्या पेनच्या टोकाने लाकूड जाळून चित्र काढणं. त्यासाठी चौरंगाला मी शिवणीचं लाकूड घेते. रंगाने फिकट, रेषा बारीक, त्यामुळे जळलेली रेघ उठून दिसते. प्लायवूडवर मात्र डागकाम करू नका, त्यातला गोंद जळून धूर नाकात जातो.

१२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग २२० ने, नेहमी रेषांच्या दिशेने. चित्र एचबी पेन्सिलीने अगदी हलक्या हाताने काढा. दाबलंत तर लाकडात चर पडतो आणि तापलेलं टोक त्यातच घसरतं.

डागताना घाई नको. टोक टेकवण्याआधी हात चालता ठेवा, थांबलात की काळा ठिपका पडलाच. माझ्या पहिल्या चौरंगावर मोराच्या डोळ्याशी असाच एक ठिपका पडला, तो अजून तसाच आहे. सावली एका दाबात आणू नका. कमी उष्णतेवर दोन-तीनदा फिरवा, बदामी छटा हळूहळू चढते. खिडकी उघडी हवी.

पेन्सिलीच्या खुणा पुसा, मगच रंग. ॲक्रिलिक पाण्यात चहाइतका पातळ करा, म्हणजे खालची रेघ झाकली जात नाही. एक थर पूर्ण वाळल्यावर दुसरा. रंगावर पुन्हा डागायचं नाही. शेवटी वॉर्निशचे दोन पातळ हात.