वर्षभराच्या वाचनाचा मागोवा कसा घ्यावा

वर्षभरात किती पुस्तके वाचली, या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येते, पण त्या आकड्यावरून पुढच्या वर्षी काय वाचावे हे मात्र कळत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी वाचकासाठी तर पुस्तक कोणत्या वाटेने आणि कोणत्या भाषेतून हाती आले, हे अधिक मोलाचे असते. मागोवा घेताना ती वाट लिहून काढावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आधी वर्षाची हद्द ठरवावी. मी दिवाळी पाडवा ते दिवाळी पाडवा असे वर्ष धरतो. १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून मराठी वाचनाचा हंगाम दिवाळीलाच कूस बदलत आला आहे, आणि दिवाळी अंक घरोघरी फिरत थेट शिमग्यापर्यंत पुरतात. त्यांना डिसेंबरअखेर मध्येच तोडण्यात अर्थ नाही.

त्यानंतर खुणा गोळा कराव्यात. स्मरणावर विसंबू नये, कारण स्मरणात शेवटचे दोन महिनेच ठळक असतात. वाचनालयातून पुस्तके घेत असाल, तर आपल्या नावावरील नोंदी पाहू देण्याची विनंती ग्रंथपालांना करावी; बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारखी १८४८ सालची संस्था ज्या गावात आहे, तेथे अशी विनंती कोणाला नवलाची वाटू नये. घरातली पुस्तके मात्र एकेक करून हातात घ्यावीत आणि पाने चाळावीत. गेल्या वर्षी एका कादंबरीच्या ११२व्या पानाशी मला खानापूर-बेळगाव बसचे तिकीट सापडले. त्यावरची शाई फिकट झाली होती, तरी तारीख वाचता येत होती. पुस्तक आषाढात, भर पावसात सुटले होते, आणि त्या आठवड्यात घरी आजारपण होते हे मला त्या तिकिटामुळेच आठवले. कंटाळा येऊन टाकलेले पुस्तक वेगळे आणि प्रसंगामुळे सुटलेले वेगळे. दुसऱ्याला पुन्हा संधी द्यावी, पहिल्याला निरोप द्यावा.

वहीत प्रत्येक पुस्तकाला एक पान द्यावे. ते कोणाकडून आले, कोणत्या भाषेत वाचले, कोठे बसून वाचले आणि त्यातले काय उरले, एवढेच लिहावे. शेवटची नोंद पुस्तक न उघडता करावी, हे महत्त्वाचे. पूर्वी मी केवळ नावे आणि तारखा लिहीत असे. वर्षाअखेरीस यादी वाचताना काही नावांपुढे एकही पात्र, एकही वाक्य आठवेना, तेव्हा मला फार वाईट वाटले. आता ‘काय उरले’ या नोंदीखाली दोन ओळी लिहिता आल्या नाहीत, तर ते पुस्तक मी पुन्हा वाचायच्या पुस्तकांत ठेवतो.

भाषेच्या नोंदीवर मात्र निवांतपणे थांबावे. आपण बसच्या पाट्यांवरून, दुकानांच्या फलकांवरून कन्नड अक्षरे ओळखायला शिकलेलो असतो, तरी वाचनाच्या हिशेबात ती कधी धरत नाही. उमा कुलकर्णी यांनी एस. एल. भैरप्पा यांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. अशी एखादी कादंबरी आवडली असेल, तर तिचे एखादे प्रकरण मूळ कन्नडमध्ये मोठ्याने वाचून पाहावे. अक्षराच्या पायाशी लिहिलेल्या जोडाक्षरांपाशी जीभ अडखळते, एका पानाला अर्धा तास लागतो, पण मराठी वाक्य आधीच परिचयाचे असल्यामुळे अर्थ हात सोडत नाही. असे वाचन पुस्तकांत न मोजता पानांत मोजावे, आणि वर्षात बाराच पाने झाली तरी ती वहीत अभिमानाने लिहावीत. १९५६ पासूनचे सीमाप्रश्नाचे दुःख खरे आहे आणि ते माझेही आहे. तरीही मराठीचा हक्क मागणे आणि शेजारच्या भाषेतले पुस्तक उघडणे, यांत मला विरोध दिसत नाही.

पोथीवाचन धरावे का, असे अनेक जण विचारतात. अवश्य धरावे, पण वेगळ्या पानावर, कारण सप्ताहातल्या पारायणाची गती आणि हेतू निराळे असतात. ज्या ‘गुरुचरित्रा’चे पारायण आपण इतक्या श्रद्धेने करतो, त्याचे रचनाकार सरस्वती गंगाधर यांची मातृभाषा कन्नड मानली जाते, ही गोष्ट त्या पानावर टिपून ठेवण्यासारखी आहे. वर्तमानपत्रांची नोंद केली नाही तरी चालते.

सर्व पाने भरली की वही एका बैठकीत वाचावी आणि ‘कोणाकडून आले’ ही नोंद खालपर्यंत पाहत जावी. सगळी पुस्तके एकाच मित्राकडून किंवा एकाच कपाटातून आली असतील, तर पुढच्या वर्षी वाट बदलायला हवी. वहीच्या शेवटच्या पानावर हव्या असलेल्या तीन पुस्तकांची नावे लिहावीत. त्यांपैकी एक तरी आजवर न वाचलेल्या प्रकारातले, म्हणजे विज्ञान, प्रवास किंवा नाटक असे असावे. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव येथे साहित्य संमेलने भरतात. ग्रंथदिंडीला निघताना ते पान खिशात असू द्यावे, आणि तेथे पुस्तके मांडलेली दिसली की आधी त्या तीन नावांची चौकशी करावी.