गुऱ्हाळाचे फोटो विकायचे असतील तर निघण्याआधी

बॅटऱ्या चार्ज, कार्ड रिकामं, पाण्याची बाटली. एवढं कुणालाही कळतं, त्यामुळे पुढे जाऊ.

सगळ्यात आधी पिशवीत टाकायचे ते संमतिपत्राचे कोरे कागद. ज्याला स्टॉक फोटोवाले, म्हणजे आपले फोटो ऑनलाइन विकून देणाऱ्या एजन्सी, मॉडेल रिलीज म्हणतात ते. कॅमेऱ्याच्या आधी. मागच्या हंगामात मी कोल्हापूरकडच्या एका गुऱ्हाळावर सकाळभर फोटो काढले. काहिलीवर, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईवर, वाकलेला गुळव्या (गूळ करणारा), मागून ऊन, मध्ये वाफ, सगळं जमून आलं होतं आणि सही एकाचीही घेतली नव्हती. ते फोटो आता फक्त 'एडिटोरियल' म्हणून पडून आहेत. म्हणजे वर्तमानपत्रानं छापावेत, एखाद्या पाठ्यपुस्तकात जावेत, पण जाहिरातीत नाही, वेष्टनावर नाही, कंपनीच्या माहितीपत्रकात नाही. आणि गुळाचा फोटो पैसे देऊन घेणार कोण? गूळ विकणाराच. म्हणजे जिथे मागणी तिथेच माल बंद.

तेव्हा कागद. ज्या एजन्सीला फोटो देणार तिच्याच साइटवरून नमुना उतरवून घ्या आणि माणसांच्या अंदाजापेक्षा दुप्पट प्रती काढा, कारण निम्मे गुळाच्या हातांनी चिकट होतात. मोबाइलवर सही घेणारी ॲप आहेत, पण उसाच्या फडात रेंजचा भरवसा धरू नका. दोन पेनं न्या. या संमतीच्या अर्जावर त्या माणसाचं नाव, पत्ता, फोटो काढल्याची तारीख, सही, तुमची सही आणि साक्षीदाराची सही लागते. साक्षीदार सज्ञान हवा आणि तो तुम्ही स्वतः किंवा फोटोतला माणूस असून चालत नाही, म्हणून सोबत कुणाला तरी न्या. एकटं जाऊ नका. लहान पोरगं चौकटीत आलं तर आईची किंवा वडिलांची सही, मामाची चालणार नाही. मजकूर इंग्रजीत असतो. तो मराठीत वाचून दाखवा, फोटो कुठल्याही जाहिरातीत येऊ शकतो हे स्पष्ट सांगा, नको म्हणाला तर त्याला चौकटीबाहेर ठेवा. 'करा हो सही, काही नाही त्यात' असं म्हणून उरकू नका.

सही कधी घ्यायची, तेही ठरवून जा. नवी काहील भरली की रस आटायला दोन-तीन तास लागतात आणि सुरुवातीला जाळ घालणाऱ्याशिवाय बाकीच्यांना थोडी उसंत असते. तेवढ्यात घ्या. गूळ उतरायची वेळ झाली की तुमच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. आणि 'नंतर घेऊ' म्हणाल तर नंतर कुणी सापडत नाही. टोळी हंगामापुरती असते, आज या गावात, पंधरवड्यानं दुसऱ्या शिवारात, फोन नंबरही बदललेले. अर्ज आधी, कॅमेरा नंतर.

चेहरा दिसत नाही म्हणून सही नको, असा एक गोड गैरसमज आहे. पाठमोरा माणूससुद्धा स्वतःला ओळखू शकत असेल तर एजन्सी सही मागते. नुसते हात असतील तर बहुधा सुटका होते, पण चिपाडं वाळवणाऱ्या आजींच्या हातावर गोंदण असेल तर तीही ओळखच झाली. घ्या सही.

गुऱ्हाळमालकाचा कागद वेगळा, जागेचा. त्याला आदल्या दिवशी फोन करा. कॅमेरा बघून मालक बिचकतात. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून कुठे कुठे हायड्रोस नावाचं रसायन टाकतात, कुठे साखर मिसळतात, त्यामुळे कॅमेरेवाला म्हणजे तपासणीवाला किंवा बातमीवाला असं त्यांना वाटतं. काय काढणार, कुठे विकणार, हे आधीच सांगितलं की चहा मिळतो. नाही सांगितलं तर दोन कामगार तुमच्या मागे मागे फिरतात.

पोत्यांवरची छापील नावं, ट्रॅक्टरच्या बॉनेटवरचा बिल्ला, कुणाच्या टीशर्टावरचा शिक्का, भिंतीवरची सिमेंटची जाहिरात, हे सगळं व्यापारी वापराच्या फोटोत चालत नाही. घरी येऊन एकेक पुसत बसण्यापेक्षा तिथेच पोतं उलटं करा.

आता कॅमेऱ्याचं. पहाटे थंडीतून थेट चुलवाणापाशी गेलात की भिंगावर दव धरतं. झाकण लावून दहा-पंधरा मिनिटं कॅमेरा आत बॅगेत राहू द्या, मग काढा. शर्टानं भिंग पुसू नका, शर्टावर मळीचे शिंतोडे असतात. भेंडीचं पाणी घातल्यावर मळी फेसासारखी वर येते आणि झाऱ्यानं काढतात, तो क्षण चांगला. पण खरा फोटो काहील वाफ्यात, म्हणजे गूळ निवायच्या पसरट जागेत, ओततात तेव्हाचा. काही सेकंदांत संपतो. त्याआधी कुठे उभं राहायचं हे गुळव्यालाच विचारा, तो सांगेल तिथून एक पाऊल पुढे जायचं नाही. उकळता पाक अंगावर उडाला तर तो पाण्यासारखा निथळत नाही, चिकटून राहतो. चप्पल घालून जाऊ नका. मग ढेपा भरतात, फडकं अंथरलेल्या भांड्यात, तिथे घाई नसते, तिथे सावकाश काढा. एकाच ढेपेचे आडवे, उभे आणि शेजारी भरपूर मोकळी जागा सोडून असे तिन्ही काढा, कारण जाहिरातवाल्याला अक्षरं बसवायला जागा लागते. नुसत्या ढेपेच्या, काकवीच्या, उसाच्या कांड्यांच्या फोटोला माणूसच नाही म्हणजे सहीही नाही. निदान एवढे तरी विकायला राहतील, त्या दिवशी कागद विसरलाच असाल तर. पण विसरू नका.

ड्रोन न्यायचा मोह झाला तर थांबा. २०२१ च्या ड्रोन नियमांत दोन किलोपर्यंतच्या ड्रोनला परवान्याची सूट आहे ती बिगरव्यापारी वापरासाठी, आणि विकायला फोटो काढणं म्हणजे व्यापारच. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो त्यातून सुटतो. तरी कोल्हापूरकडे उजळाईवाडीचा विमानतळ जवळ आहे, म्हणून ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा नकाशा बघा.

जुने फोटो चाळून तेही चढवू म्हणाल, तर लग्नाचे बाजूला ठेवा. पैसे घेऊन कुणासाठी फोटो काढला असेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर, पहिला मालकी हक्क काम देणाऱ्याचा. तुमचा नाही. नवरीच्या मेंदीचा फोटो कितीही देखणा असो.

घरी आल्यावर कागद आधी. त्याच रात्री प्रत्येक अर्जाचा स्कॅन घ्या, फाइलला त्या माणसाचं नाव आणि तारीख द्या आणि कुठला अर्ज कुठल्या फोटोचा हे लिहून ठेवा. आठवड्यानं बघाल तर दोन गुळवे एकसारखेच दिसतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात तर फोटोची तारीख बदलली, पुन्हा सह्या. हो, पुन्हा.

मग निवड. शंभर टक्के मोठा करून बघा. डोळे किंवा ढेपेची कड धूसर असेल तर काढून टाका, धुराच्या अंधारात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता) वाढवून आलेले दाणे असतील तर काढून टाका. किमान चार मेगापिक्सेल, फाइल जेपीईजी, रंगांची मांडणी एसआरजीबी. कृत्रिम बुद्धिमत्तेनं आकाश बदललं, माणसं घातली तर तो फोटो राहत नाही. काही एजन्सी तसं घेतच नाहीत, काही उघड सांगायला लावतात. कीवर्ड, म्हणजे फोटो शोधायचे शब्द, इंग्रजीत आणि परदेशातला खरेदीदार काय शोधेल तसे. ॲडोबी स्टॉक या एजन्सीत ४९ पर्यंत चालतात, पहिले दहा महत्त्वाचे, तिथे 'ब्युटिफुल' घालून जागा वाया घालवू नका.

पैशांचं लवकर सांगतो. शटरस्टॉक ही एजन्सी फोटोवाल्याला विक्रीतला १५ ते ४० टक्के वाटा देते आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा १५ वर येतात. वर्गणीतल्या डाउनलोडला दहा सेंटसुद्धा पडतात. ॲडोबी स्टॉक फोटोला ३३ टक्के देतं आणि २५ डॉलर साठल्याशिवाय काढता येत नाहीत. त्यामुळे नोकरी सोडायचा विचार करत असाल तर करू नका. एकच फोटो दोन-चार ठिकाणी देता येतो, फक्त 'एक्सक्लुझिव्ह'वर (म्हणजे एकाच एजन्सीला देण्यावर) खूण केलेली नसावी.

अमेरिकी एजन्सीला डब्ल्यू-८ बेन हा तिथल्या कराचा फॉर्म भरून द्या, त्यात पॅन नंबर घाला. नाही भरलात तर तिथल्या विक्रीवर ३० टक्के कर कापला जातो, भारताशी असलेल्या करारानुसार हा दर १५ आहे. सही केलेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो फॉर्म चालतो, मग नवा. खात्यावरचं नाव आणि बँकेतलं नाव अक्षरश: एक ठेवा. इथल्या विवरणपत्रातही ही कमाई दाखवायची, तिकडे कापलेल्या कराचं काय करायचं ते सीएला विचारा.