उट्रेख्तला येताय? मग वरून बघून परत जाऊ नका, धक्क्यावर उतरा

उन्हाळ्यात आमच्याकडे नेदरलँड्सला सांगली-पुण्याहून कोणी ना कोणी येतंच. आत्या, मावश्या, त्यांच्या भिशीच्या मैत्रिणी. सगळ्यांच्या यादीत ॲम्स्टरडॅम असतं, ट्युलिपची बाग असते, पवनचक्क्या असतात. उट्रेख्त मात्र नसतं. मी प्रत्येकीला सांगते, मुक्कामच उट्रेख्तला करा. इथल्या रेल्वेचं जाळं याच गावात येऊन मिळतं. स्खिपोल विमानतळावरून थेट गाडी साधारण अर्ध्या तासात पोचते, ॲम्स्टरडॅमही तेवढंच लांब, आणि रॉटरडॅम किंवा हेग पाऊण तासाच्या आत. शिवाय हे गाव पायी फिरण्याजोगं आहे. साठी ओलांडलेल्या माणसांसाठी हे फार महत्त्वाचं.

आधी गाडीचं बघू, कारण गोंधळ तिथेच होतो. वेगळं तिकीट काढायची गरज नाही. स्टेशनातल्या यंत्राला बँकेचं कार्ड टेकवायचं, उतरल्यावर पुन्हा टेकवायचं, भाडं आपोआप कापलं जातं. अट एकच, प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड हवं. एकाच कार्डावर नवरा-बायको दोघं जाऊ शकत नाहीत. फोनमधलं कार्ड आणि हातातलं प्लॅस्टिकचं कार्ड हे यंत्राच्या लेखी दोन वेगळे प्रवासी असतात. त्यामुळे ज्याने आत गेलात त्यानेच बाहेर पडा. भारतीय कार्डावर परदेशातला वापर आणि यंत्रात न घालता नुसतं टेकवून पैसे देण्याची सोय बहुतेक वेळा बंद असते. निघण्यापूर्वी घरी बसूनच बँकेच्या ॲपमधून ती चालू करून घ्या. 4 ते 11 वर्षांच्या मुलांसाठी रेलरनर नावाचं दिवसभराचं स्वस्त तिकीट मिळतं. आणि डब्याच्या काचेवर ‘स्टिल्टे’ लिहिलेलं असेल तर तिथे बसू नका, तो शांततेचा डबा. आपल्याला गाडीत गप्पा मारायच्या असतात, त्यासाठी पुढचा डबा मोकळा असतो.

स्टेशनातून ‘सेन्ट्रुम’ची पाटी धरून बाहेर पडा. विरुद्ध बाजूचं दार यारबर्स प्रदर्शन केंद्राकडे जातं, गावात नाही. स्टेशनासमोरच्या चौकाखाली जगातला सर्वांत मोठा सायकलतळ आहे, 12,500 सायकलींचा. पाच मिनिटं आत डोकावून या. पुढे मॉलमधून जाताना खाली पाणी दिसेल, तो काथारैनेसिंगल कालवा. 1970 च्या दशकात तो बुजवून तिथे मोटारींचा रुंद रस्ता केला होता. गावाने तो रस्ता उखडला आणि 2020 मध्ये पाणी पुन्हा पूर्ण खेळतं केलं. हे ऐकून मला दर वेळी या गावाचा अभिमान वाटतो.

लाल डांबराचा पट्टा दिसला की तो सायकलींचा. त्यावर उभं राहून फोटो काढू नका. घंटी वाजली तर मागेपुढे उड्या मारू नका, जिथे आहात तिथे थांबा. सायकलवाला वाट काढून जातो.

आता मुख्य गोष्ट, आउदेग्राख्त. म्हणजे जुना कालवा. बाकीच्या डच गावांत कालव्याच्या कडेला थेट रस्ता असतो. इथे रस्ता वर आणि पाण्यालगत एक मजला खाली दगडी धक्का, असे दोन थर आहेत. बाराव्या शतकात ऱ्हाइन नदीला वरच्या अंगाला बांध पडला, पाण्याची चढउतार थांबली, म्हणून इतक्या खाली धक्के बांधणं जमलं. होड्या यायच्या, माल धक्क्यावर उतरायचा आणि रस्त्याखालून घरापर्यंत जाणाऱ्या तळघरात सरळ आत जायचा. आपला भाऊचा धक्का घराघरांच्या दारात आणून ठेवला तर कसं होईल, तसं. आज त्या तळघरांमध्ये उपाहारगृहं आहेत, चित्रकारांच्या खोल्या आहेत, काहींत माणसं राहतात.

बहुतेक पाहुणे वरून पुलावर उभे राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही तसं करू नका. पुलाजवळच्या दगडी जिन्याने खाली उतरा. उतरताना भिंतीला हात लावून चला, पायऱ्या उंच आहेत आणि पावसात निसरड्या होतात. धक्क्याला पाण्याच्या बाजूने कठडा नाही, तेव्हा लहान मुलांचा हात अजिबात सोडायचा नाही. खालून चालताना मान वर करा. रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांखाली दगडी आधार बाहेर आलेले आहेत आणि प्रत्येकावर वेगळं कोरीवकाम आहे. कुठे एखादी गोष्ट, कुठे तिथल्या जुन्या धंद्याची खूण. वरून चालणाऱ्याला हे दिसतच नाही. गर्दी नको असेल तर समांतर असलेल्या निउवेग्राख्तवर जा. तिथे झाडं जास्त, हॉटेलं नाहीत, आणि वरच्या रस्त्यावर निवांत चालता येतं. गुडघे दुखत असतील तर धक्क्यांचा हट्ट सोडून तासाभराची होडीची फेरी घ्या, सगळं बसल्या जागी दिसतं.

डोमचा मनोरा गावात कुठूनही दिसतो. उंची सुमारे 112 मीटर, देशातला सर्वांत उंच चर्चमनोरा, बांधकाम 1321 ते 1382. पायऱ्या 465, लिफ्ट नाही. वर मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं, म्हणून वेळ आधी ऑनलाइन ठरवा. मध्ये थांबे आहेत, एका मजल्यावर मोठमोठ्या घंटा आहेत, त्यांतली सर्वांत मोठी 8 टनांहून जड. आवाक्यात असेल तर चढाच. नसेल तर खाली बसायला त्याहून सुंदर जागा आहे. मनोरा आणि चर्च यांच्यामध्ये मोकळा चौक का, असा प्रश्न पडेल. 1 ऑगस्ट 1674 च्या वादळात चर्चचा मधला भाग कोसळला आणि पुन्हा बांधलाच गेला नाही. तो कुठे उभा होता ते चौकातल्या वेगळ्या रंगाच्या फरशांवरून ओळखू येतं. चर्चला लागून पान्डहोफ नावाची ओवऱ्यांनी वेढलेली छोटी बाग आहे, औषधी वनस्पती लावलेली. दिवसा उघडी, प्रवेश मोफत. माझी आत्या तिथे बसली की उठत नाही.

शक्य असेल तर शनिवार उट्रेख्तसाठी राखून ठेवा. यान्सकेर्कहोफला फुलांचा बाजार असतो आणि ब्रेडस्ट्राटला कापडाचा. कापडाचे तागे, तुकडे, लेस, बटणं. शिवणकाम करणारी कोणी बरोबर असेल तर दोन तास गेले म्हणून समजा. त्याच दिवशी दुपारी आउदेग्राख्तच्या कडेला फरसबंदीत एक दगड बसवला जातो, त्यावर एक अक्षर कोरलेलं. 2012 पासून दर शनिवारी एक अक्षर, अशी एक कविता रस्त्यावर लांबत चालली आहे. ओळ पूर्ण व्हायला महिने लागतात, कवी बदलतात, कविता संपवायची असं ठरलेलंच नाही. कीर्तनाची परंपरा सांभाळणाऱ्या आपल्या माणसांना हे पटकन कळतं. मी सगळ्यांना तिथे नेतेच.

मुलं बरोबर असतील तर बुर्केर्क या जुन्या चर्चमधलं स्पीलक्लोक संग्रहालय घ्या. स्वतःहून वाजणारी घड्याळं, पेट्या, रस्त्यावरचे भलेमोठे ऑर्गन, आणि मार्गदर्शक ते वाजवून दाखवतात. भाषा न समजणाऱ्या आजी-आजोबांनाही तेवढीच मजा येते. डच चित्रपुस्तकांतल्या निन्चे सशाचं संग्रहालय मात्र फक्त बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी. मोठ्यांना तिचा सिग्नल पुरे. गावाच्या मध्यभागी पादचाऱ्यांच्या दिव्यात लाल-हिरवी निन्चे उभी असते. घरबांधणीत रस असेल तर रीटफेल्ड श्रोडर घर चुकवू नका. 1924 चं, युनेस्कोच्या यादीतलं. वरच्या मजल्यावरच्या भिंती सरकतात आणि एका खोलीच्या अनेक होतात. घर लहान असल्यामुळे थोड्याच लोकांना आत सोडतात, तिकीट आधीच काढा. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, रविवारी अनेक दुकानं दुपारी बाराला उघडतात.

वसंतात आलात तर गावाच्या उत्तरेकडच्या वेर्डस्लाउस या जलद्वारापाशी जा. अंडी घालायला निघालेले मासे तिथे दारापाशी अडकतात. पाण्याखाली कॅमेरा आहे. घरबसल्या लोक बघतात, मासा दिसला की ऑनलाइन घंटी वाजवतात आणि दार उघडलं जातं. 26 एप्रिलच्या संध्याकाळी असाल तर रात्र जागवा. राजाच्या वाढदिवसाचा जुन्या वस्तूंचा बाजार इथे आदल्या संध्याकाळीच सुरू होतो आणि रात्रभर चालतो.

खाण्याचं सांगते. शाकाहारी असाल तर ‘वेगेतारिश’ हा शब्द पुरतो, पण चीजमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे दूध फाटवणारं जनावराच्या जठरातलं द्रव्य, असू शकतं आणि मेयोनेजमध्ये अंडं असतं. कडक पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावं. दोन दिवस ब्रेड खाऊन कंटाळा आला की सुरिनामी उपाहारगृह शोधा. 1873 पासून भारतातून मजूर म्हणून सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, गेलेल्यांच्या वंशजांची ही रोटी; सोबत बटाटा आणि लांब शेंगांची भाजी, आपल्या जिभेला लगेच ओळखीची वाटते. ताटात बहुधा उकडलेलं अंडं असतं, नको असेल तर सांगा. स्वतः शिजवणार असाल तर स्टेशनाच्या पलीकडे लोम्बोक वस्तीत कनालस्ट्राट आहे. तुर्की आणि मोरोक्कन भाजीवाले, कोथिंबिरीच्या भरगच्च जुड्या, हिरव्या मिरच्या. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटली जवळ ठेवा. छत्री आणू नका, वाऱ्यात उलटते. टोपीवालं जाकीट आणा. आणि शौचालयासाठी कार्ड हाताशी ठेवा, स्टेशनात पैसे पडतात.