ग्राफिक्स कार्डचे ओव्हरक्लॉकिंग : आधी मोजमाप, मग वेग

ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्ड मूळ ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे, करायला बसलेला माणूस बहुधा पहिल्या पाच मिनिटांतच सॉफ्टवेअरमधला वेगाचा स्लायडर उजवीकडे सरकवतो. तिथेच चूक होते, कारण कार्ड मुळात किती वेगाने चालते याची नोंद त्याच्याकडे नसते. ही नोंद वाटते तितकी सोपी नाही. एनव्हिडियाने २०१२ साली जीटीएक्स ६८० या कार्डाबरोबर जीपीयू बूस्ट (वाव असेल तसा ग्राफिक्स चिपचा म्हणजे जीपीयूचा वेग आपोआप वाढवणारी सोय) आणले, तेव्हापासून कार्डाचा क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, स्थिर आकडा राहिलेला नाही. तापमान, वीज आणि व्होल्टेज यांना जितका वाव असेल त्याप्रमाणे तो क्षणाक्षणाला वरखाली होतो. त्यामुळे थंड कार्डावर घेतलेली पहिली चाचणी सहसा थोडे जास्त गुण देते आणि तोच आकडा आधारभूत मानला, तर पुढची सगळी तुलना फसते.

म्हणून मागे चालणारे प्रोग्रॅम, व्ही-सिंक (फ्रेम्सचा वेग पडद्याशी जुळवणारे सेटिंग) आणि फ्रेम्सवरची, म्हणजे दर सेकंदाला दाखवल्या जाणाऱ्या चित्रांवरची, मर्यादा बंद करावी, कार्ड पंधरा-वीस मिनिटे पूर्ण भाराखाली तापू द्यावे आणि मगच एकच चाचणी तीनदा घेऊन मधला आकडा लिहून ठेवावा. या तीन आकड्यांत एक टक्क्याचा फरक पडत असेल, तर पुढे दिसणाऱ्या एक टक्क्याच्या ‘वाढी’ला काहीही अर्थ नाही. थ्रीडीमार्क या चाचणी-सॉफ्टवेअरमधील टाइम स्पाय किंवा युनिजिन सुपरपोझिशन या चाचण्या या कामाला चांगल्या आहेत. टाइम स्पायमध्ये मात्र एकूण गुणांऐवजी ग्राफिक्सचे गुण पाहावेत, कारण एकूण गुणांत प्रोसेसरचाही वाटा असतो. जोडीला आपण खरोखर खेळतो अशा एखाद्या गेममधील अंगभूत बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) घ्यावा. चाचणीदरम्यान जीपीयूचा वापर ९७ टक्क्यांच्या खाली रेंगाळत असेल, तर प्रोसेसर अडवतो आहे असे समजून रिझोल्यूशन वाढवावे. फरमार्क या कार्डावर कमाल भार टाकणाऱ्या प्रोग्रॅमचा मोह टाळलेला बरा: तो इतकी वीज ओढतो की कार्ड वीजमर्यादेला धडकून स्वतःच क्लॉक खाली आणते, आणि आपल्याला तपासायचा असतो तो वरचा क्लॉक.

वेग वाढवण्यासाठी एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर पुरेसे आहे; ते इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालते. प्रथम वीज आणि तापमान यांच्या मर्यादा सॉफ्टवेअर परवानगी देईल तितक्या वर न्याव्यात आणि तापमानानुसार पंख्याचा वेग ठरवणारा आलेख थोडा चढा करावा. केवळ एवढ्यानेही काही कार्डांचा प्रत्यक्ष क्लॉक वाढतो. त्यानंतर कोअर क्लॉक (मुख्य चिपचा वेग; मेमरीचा वेगळा असतो) एका वेळी १५ ते ३० मेगाहर्ट्झने वाढवत प्रत्येक पायरीवर छोटी चाचणी घ्यावी. गेम बंद पडला किंवा पडदा काळा होऊन परत आला, तर घाबरू नये: कार्डाने ठरावीक वेळेत, मूळ सेटिंगनुसार दोन सेकंदांत, प्रतिसाद दिला नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. अशा वेळी दोन पायऱ्या मागे यावे. स्थिरतेची खात्री पटेपर्यंत हे सेटिंग संगणक सुरू होताच लागू करण्याचा पर्याय निवडू नये, हे वेगळे सांगायला नको. तरीही ते विसरणारे पुष्कळ असतात.

मेमरीचे गणित मात्र वेगळे आहे, आणि बहुतेकांची फसगत येथेच होते. कोअरचा वेग मर्यादेपलीकडे गेला की बिघाड लगेच दिसतो, पण आधुनिक जीडीडीआर मेमरी (ग्राफिक्स कार्डावरची मेमरी) वाहतुकीतल्या चुका ओळखून तीच माहिती पुन्हा पाठवू शकते. त्यामुळे चित्रात ना ठिपके दिसतात ना रेघा, क्लॉकचा आकडा दिमाखात वर गेलेला असतो आणि पुनर्प्रेषणात वेळ गेल्याने फ्रेम्स मात्र कमी झालेल्या असतात. यावर उपाय एकच: कोअर मूळ जागी आणून मेमरी ५० ते १०० मेगाहर्ट्झने वाढवावी आणि प्रत्येक पायरीला गुण लिहावेत, गुण वाढायचे थांबले किंवा घसरले की त्याच्या एक-दोन पायऱ्या अलीकडे थांबावे. शेवटी दोन्ही वाढी एकत्र तपासाव्यात, कारण मेमरी आणि कोअर एकाच वीजमर्यादेत वाटेकरी असतात आणि एकेकटे टिकलेले आकडे एकत्र टिकतीलच असे नाही.

थ्रीडीमार्कची स्ट्रेस टेस्ट एकच दृश्य वीस वेळा चालवते आणि फ्रेम्सची स्थिरता किमान ९७ टक्के असेल तर उत्तीर्ण ठरवते. ती पार पडली म्हणजे काम संपले असे मी मानत नाही. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा खराखुरा मार्ग मोजून चित्र रेखाटण्याची पद्धत) असलेला गेम कार्डाचे वेगळे भाग राबवतो, आणि साध्या चाचणीत शांत राहिलेले कार्ड तिथे कोलमडू शकते. तेव्हा असा गेम दोन तास तरी खेळून पाहावा.

कार्ड तापमानाच्या किंवा विजेच्या मर्यादेला आधीच टेकलेले असेल, तर उलटा मार्ग अधिक शहाणपणाचा ठरतो. चिपचा वीजवापर ढोबळमानाने क्लॉकच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून व्होल्टेज थोडे उतरवले तरी बरीच वीज वाचते. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेज आणि क्लॉक यांचा आलेख उघडावा, कमी व्होल्टेजचा एक बिंदू हव्या त्या क्लॉकपर्यंत उचलावा आणि त्यापुढचा आलेख सपाट करावा.

अखेरची तुलना करताना सरासरी फ्रेम्सबरोबर सर्वांत मंद एक टक्का फ्रेम्सचा आकडाही मूळ नोंदीशी ताडून पाहावा. ड्रायव्हर बदलला, तर जुनी नोंद बाद समजून मूळ सेटिंगवरची मोजणी नव्याने करावी.