‘तीन चमचे आण’: लहान मुलांना संख्येचे शब्द कसे शिकवावेत

अडीच वर्षांचं मूल पाहुण्यांसमोर एक ते दहा घडाघडा म्हणून दाखवतं. त्यालाच ‘तीन चमचे आण’ म्हटलं की मूठभर चमचे घेऊन येतं. यात बिघडलेलं काही नाही. त्याच्या लेखी ‘एक दोन तीन चार’ हे अजून बडबडगीतच आहे. अंकांची ओळ पाठ होणं वेगळं आणि ‘तीन’ म्हणजे नेमके किती हे कळणं वेगळं. दोहोंच्या मधे बहुधा वर्षभराचा, कधी त्याहून जास्त काळ जातो. म्हणून पाठांतर वाढवण्याआधी मूल कुठवर आलंय ते पाहावं.

१. आधी चाचणी घ्या

कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या सुमारास वापरलेली पद्धत घरी सहज करता येते. दहा सारखे ठोकळे, एक ताटली आणि एक बाहुली घ्या. चिंचोके, मणी, राजमा नकोत. तीन वर्षांखालचं मूल ते तोंडात घालतं.

‘बाहुलीला एक ठोकळा दे.’ बरोबर दिला तर ‘दोन ठोकळे दे’, मग तीन. चुकलं की एक पायरी खाली या. एकच संख्या तीनदा विचारून दोनदा बरोबर आली तर ती येते असं धरा, पण एक अट आहे: दुसरी संख्या मागितल्यावर तेवढेच ठोकळे येता कामा नयेत. काहीही मागा, दोनच देणाऱ्या मुलाला ‘दोन’ येत नाही.

चाचणी बिघडते ती मोठ्यांमुळे. आपण नकळत दोन बोटं दाखवतो, पुरेसे ठोकळे झाले की हात मागे घेतो, नाहीतर ‘नीट मोज बरं’ म्हणतो. हात मांडीवर ठेवा, नजर बाहुलीकडे, आणि बरोबर-चूक काहीही न सांगता ‘बरं’ एवढंच म्हणा.

बहुतेक मुलं आधी फक्त ‘एक’ ओळखतात. बाकी सगळे आकडे म्हणजे ‘पुष्कळ’. काही महिन्यांनी ‘दोन’, आणखी काही महिन्यांनी ‘तीन’, कधी ‘चार’. मग साडेतीन-चार वर्षांच्या आसपास उडी येते: मोजताना शेवटी उच्चारलेला शब्द म्हणजेच एकूण संख्या, हे उमगतं आणि पाच, सहा, सात एकदमच यायला लागतात. बोलिव्हियातल्या त्सिमाने या आदिवासी जमातीच्या मुलांमध्येही पायऱ्या याच क्रमाने दिसल्या, फक्त बऱ्याच उशिरा.

२. भाषा कुठे मदत करते ते हेरा

शाळेत संस्कृत शिकलेल्यांना देवः, देवौ, देवाः आठवत असेल. स्लोव्हेनियन भाषेत असं द्विवचन आजही बोलण्यात आहे. तिथली मुलं ‘दोन’चा अर्थ इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या आधी शिकतात, आणि तेही अंकांची ओळ त्यांना कमी पाठ असताना, असं २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. उलट जपानीत नामाचं रूप सहसा संख्येप्रमाणे बदलत नाही. तिथल्या मुलांना ‘एक’ कळायला इंग्रजी आणि रशियन मुलांपेक्षा जास्त वेळ लागल्याचं आढळलं. म्हणजे अर्थाची पहिली खूण मोजण्यातून नव्हे, वाक्यातून मिळते.

मराठीत द्विवचन उरलं नाही, पण अनेकवचन आहे, आणि तेही सगळ्या नामांत दिसत नाही. एक लाडू, तीन लाडू. एक बदाम, तीन बदाम. इथे कानाला फरक कळत नाही. म्हणून सुरुवातीला रूप बदलणाऱ्या वस्तू निवडाव्यात असं आम्ही सुचवू: चमचा-चमचे, वाटी-वाट्या, केळं-केळी, पोळी-पोळ्या. लाडूच हवे असतील तर विशेषण जोडा: छोटा लाडू, छोटे लाडू. ‘दोन्ही हात धू’, ‘दोन्ही चपला घाल’, ‘तुम्ही दोघं या’ ही वाक्यं तर रोजचीच आहेत. ती मुद्दाम जास्त वापरा.

३. मूल जिथे आहे त्याच्या पुढची एकच संख्या घ्या

‘एक’ येणाऱ्या मुलाला दहापर्यंत ओढू नका. त्याचं काम आता ‘दोन’. दोन ताटल्या शेजारी ठेवा. ‘हिच्यात पोळ्या किती? दोन. हिच्यात? तीन. दोन नाहीत, तीन आहेत.’ नुसते दोन दाखवून ‘दोन’चा अर्थ पक्का होत नाही; दोन नसलेलंही शेजारी लागतं. शिवाय आधी वस्तूचं नाव आणि मागून संख्या असा क्रम ठेवला तर मुलाचं लक्ष वस्तूंवरून त्यांच्या संख्येकडे वळतं, असं इंग्रजीतल्या प्रयोगात दिसलं आहे. मराठीत हे आपसूक जमतं: ‘चमचे किती? तीन.’

मोजून दाखवताना आधी एकूण सांगा, मग मोजा, मग पुन्हा एकूण सांगा: ‘वाट्या चार आहेत. एक, दोन, तीन, चार. चार वाट्या.’ पुष्कळ घरांत ‘चार’वर थांबतात आणि शेवटचं वाक्य राहून जातं. मग ‘किती?’ विचारलं की मूल पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं.

पेरांवर मोजू नका. जपाला ते ठीक. लहान मुलाला मात्र तीन पेरं मिळून एकच बोट दिसतं. अख्खी बोटं उघडा. धान्य मापताना पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणायची रीत गोड आहे, पण ‘एक’ शिकत असलेल्या मुलाला ‘लाभ, दोन, तीन’ ऐकवून कोड्यात टाकू नये.

४. घरी मराठी, शाळेत इंग्रजी असेल तर

चाचणी दोन्ही भाषांत वेगवेगळ्या दिवशी घ्या. ‘टू’ येतं म्हणून ‘दोन’ येईलच असं नाही. द्विभाषिक मुलांच्या अभ्यासात लहान संख्यांचे शब्द प्रत्येक भाषेत वेगळे शिकावे लागतात असं दिसलं. मोजण्यामागचं तत्त्व मात्र एका भाषेत उमगलं की दुसरीत सहज उतरतं. मग उरतं ते त्या भाषेतल्या शब्दांचं पाठांतर.

५. दहाच्या पुढे सावकाश

चिनी भाषेत अकरा म्हणजे ‘दहा-एक’, बारा म्हणजे ‘दहा-दोन’. दहापर्यंत चिनी आणि अमेरिकी मुलं जवळपास बरोबरीने जातात. फरक अकरापासून पडतो. आपल्याकडे तर शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक शब्द नवा: तेवीस, त्रेचाळीस, त्रेसष्ट, त्र्याहत्तर. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची जोड दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला! खरं तर पारंपरिक नाव काढून न टाकता ती शेजारी ठेवली तर उपयोगाचीच आहे.

दोन चुका हमखास होतात. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतं, म्हणून मूल ३९ लिहितं. तीस ठोकळे मांडून एक काढून दाखवा. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतो, म्हणून ५२ लिहिलं जातं; जर्मन मुलंही नेमकी इथेच अडखळतात. खोडरबर हातात घेण्याआधी दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या समोर ठेवा, आणि गठ्ठ्यांचा आकडा आधी लिहायला सांगा.