काळ्या लाव्ह्यावर वाढदिवसाचा फोटो काढताना

ज्वालामुखीचा थिजलेला काळा लाव्हा कॅमेऱ्याला फसवतो. फ्रेमभर काळं दिसलं की कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला वाटतं उजेड कमी आहे, मग तो एक्सपोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, वाढवतो. परिणामी खडक राखाडी आणि उत्सवमूर्तीचा चेहरा पांढराफटक! एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) उणे ०.७ ते उणे १ वर ठेवा. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवा, शेजारची सूर्याची खूण थोडी खाली ओढा. कपडे लाल किंवा पिवळे घाला. काळ्या कपड्यांतला माणूस खडकात विरघळतो.

दुपारच्या उन्हात सगळं सपाट दिसतं. दोरखंडासारख्या वळ्या पडलेला पाहोएहोए लाव्हा सूर्योदयानंतर किंवा सूर्यास्ताआधीच्या तासाभरात, तिरप्या उजेडातच उठून दिसतो. खडबडीत आआ लाव्हा काचेसारखा कापतो. तिथे जाड तळव्यांचे बूट हवेतच, सँडल नकोत.

राख म्हणजे बारीक काचेचा चुरा. लेन्सवर बसली तर कापडाने पुसू नका, ओरखडे पडतील. आधी हवा फुंकणाऱ्या छोट्या हातपंपाने उडवा. उघड्यावर लेन्स बदलू नका. कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा बरा.

विवराकडे तोंड केल्यावर वारा पाठीवर यायला हवा. धूर अंगावर आला, घसा खवखवला, की पोझ अर्धी टाकून निघा. ज्वालामुखीतून येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला वास नसतो आणि तो हवेपेक्षा जड, म्हणून खोलगट जागेत साचतो. सतरंजी तिथे अंथरू नका, लहान मुलं तर जमिनीलगतच श्वास घेतात. केक वाहनतळावरच कापलेला बरा, कड्यावर मेणबत्त्या टिकत नाहीत.